डी कमी म्हणून टीबी, की टीबी म्हणून डी कमी?

आमच्या लॅबमध्ये सध्या कुठलाही पेशंट येवो, गुडघे दुखणारा, केस गळणारा, नुसताच दमणारा, चिठ्ठीवर व्हिटॅमिन डी लिहिलेलं असतंच. आणि रिपोर्टही बहुतेक ठरलेलाच, डी कमी, बारा, नऊ, चौदा, कधीतरी एखादा बत्तीसवाला आला की आम्हीच आपापसात म्हणतो, हा शेतकरी असणार नाहीतर आधीच गोळ्या चालू असणार. पुण्यात, जिथे वर्षातले आठ महिने ऊन डोक्यावर असतं तिथे, ही अवस्था. त्यामुळे रिपोर्टवर लाल अक्षरात आलेल्या त्या आकड्याचं आता कुणालाच फारसं काही वाटत नाही, डॉक्टर साठ हजारवाली गोळी आठवड्यातून एक अशी लिहून देतात आणि विषय संपतो.

पण माझ्या मावसभावाला मानेतल्या गाठीचा टीबी निघाला आणि त्याच आठवड्यात त्याचं डी नऊ आलं, तेव्हा मावशीने मला फोन करून विचारलं, "अगं, हे डीच्या गोळ्या आधीच दिल्या असत्या तर झालंच नसतं ना गं हे?" आणि मागोमाग दुसरा प्रश्न, की आजोबांनाही होता, म्हणजे आपल्या रक्तातच आहे का. मी मायक्रोबायोलॉजीवाली, म्हणून घरातले असले सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. फोनवर मी तिला नाही गं मावशी, असं काही नसतं, एवढंच सांगितलं कारण ती रडवेली झाली होती. पण खरं उत्तर त्याहून बरंच लांबलचक आहे आणि मला ते इतकं इंटरेस्टिंग वाटतं की इथे लिहून टाकते.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. टीबीचा जंतू शरीरात जाणं आणि टीबी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगातल्या साधारण पाव लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे असा अंदाज आहे, आणि त्यातल्या पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांमध्ये तो गप पडून राहतो किंवा साफ होतो. म्हणजे खरा प्रश्न जंतू कुठून आला हा नाहीच (बस, लोकल, ऑफिस, कुठूनही येतो), खरा प्रश्न हा की याला झाला आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या भावाला का नाही झाला. वय, डायबिटीस, एचआयव्ही, कुपोषण, दारू, तंबाखू, चुलीचा धूर, ही कारणं माहितीच आहेत. पण ती सगळी वजा केली तरी काहीतरी उरतंच.

याचा सगळ्यात भयंकर पुरावा जर्मनीतल्या ल्युबेक शहरात मिळाला, आणि तो कुणी मुद्दाम शोधला नव्हता. १९२९-३० मध्ये तिथे नवजात बाळांना तोंडावाटे बीसीजी लस दिली गेली आणि तिच्यात लॅबमधल्या चुकीने खरा, रोग करणारा टीबीचा जंतू मिसळला गेला होता. सुमारे अडीचशे बाळं. त्यातली सत्तराहून जास्त दगावली. पण बाकीची आजारी पडून बरी झाली आणि काहींना तर जवळपास काहीच झालं नाही. पाजलेल्या लसीत जंतूचं प्रमाण कमीजास्त होतं हे खरं, तरीपण सगळी त्याच वयाची, त्याच गावातली बाळं आणि एवढा फरक! पुढे १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कालमन आणि राइसनर यांनी जुळ्यांचा अभ्यास केला, तर एकसारख्या जुळ्यांत एकाला टीबी असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. त्या अभ्यासावर नंतर टीका झाली, पण आनुवंशिकतेचा काहीतरी हात आहे हे काही कुणी पूर्ण खोडू शकलं नाही.

म्हणजे मावशीचा दुसरा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. आपल्याकडे तर जुन्या काळी "त्या घराण्यात क्षय आहे" म्हणून स्थळं नाकारायचे. त्यात अर्धी गोष्ट एकाच घरात, एकाच बंद माजघरात सगळे खोकत राहायचे ही होती, ते जंतूच वाटून घ्यायचे, जीन्स कुठे आले. आमच्या आजोबांचंही तेच असणार, मिरजेजवळच्या वानलेसवाडीला, क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये, कितीतरी महिने राहून आले होते, आणि घरी कोण कोण त्यांच्याकडून जंतू घेऊन बसलं होतं ते कुणी तपासलंय.

आता डी. टीबी आणि सूर्य यांचं नातं डी सापडायच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. १८४९ मध्ये लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये सी. जे. बी. विल्यम्स नावाचे डॉक्टर क्षयाच्या पेशंटना कॉड माशाच्या यकृताचं तेल पाजत होते आणि बहुतेकांना बरं वाटतंय असं लिहून ठेवत होते. त्या तेलात डी ठासून भरलेलं असतं, पण हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं, कारण व्हिटॅमिन हा प्रकारच पुढच्या शतकातला. मग डेन्मार्कचे नील्स फिन्सेन, त्यांनी चेहऱ्यावरचा त्वचेचा टीबी दिव्याच्या प्रखर प्रकाशाने बरा करून दाखवला आणि १९०३ चं नोबेल मिळवलं. यात एक मजा आहे. कित्येक लेखांत फिन्सेनची गोष्ट व्हिटॅमिन डीचा पहिला पुरावा म्हणून सांगतात, पण २००५ मध्ये डेन्मार्कमधल्याच लोकांनी त्यांची जुनी उपकरणं तपासली तर त्या भिंगांतून डी बनवणारे किरण पलीकडे जातच नव्हते! म्हणजे प्रकाशाने बरं झालं ते बहुतेक जंतूतल्या पॉरफिरिन नावाच्या पदार्थांवर प्रकाशाची प्रक्रिया होऊन. गोष्ट छान, पुरावा भलत्याचाच. या विषयात हे परत परत होतं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

त्यानंतर सॅनेटोरियमचा काळ आला, स्वित्झर्लंडमध्ये लेझँला रोलिए नावाचे डॉक्टर पेशंटना उघड्या अंगाने बर्फातल्या उन्हात झोपवायचे, आपल्याकडे पाचगणी, वानलेसवाडी, लांबलचक व्हरांडे आणि रांगेत खाटा. १९४४ नंतर स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं औषध आलं, मग आयसोनियाझिड, मग रिफाम्पिसिन, आणि ऊन-बिन सगळं मागे पडलं. साहजिकच आहे, गोळ्यांनी माणूस बरा होतोय म्हटल्यावर खाट उन्हात कोण ओढणार.

ऊन परत चर्चेत आलं ते लंडनमधल्या आपल्या लोकांमुळे. १९७० नंतर तिथे भारतातून आणि पूर्व आफ्रिकेतून गेलेल्या लोकांत टीबी खूप दिसायचा (१९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले गुजराती हे त्यातलेच), आणि बऱ्याचदा तिथे येऊन काही वर्षं झाल्यावर, फुप्फुसाबाहेरचा, गाठींचा वगैरे. सरळ उत्तर हे की तिकडून जंतू घेऊन आले आणि इकडे तो जागा झाला. पण जागा का झाला? पीटर डेव्हिस नावाच्या डॉक्टरांनी ऐंशीच्या दशकात डीची शंका मांडली. कारण लंडनमध्ये साधारण ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की त्वचेत डी बनवणारे युव्हीबी किरण जमिनीपर्यंत जवळपास पोचतच नाहीत, त्यात आपली त्वचा सावळी म्हणजे तेवढंच डी बनवायला जास्त ऊन हवं, आणि त्यात शाकाहार, म्हणजे मासे नाहीत, अंडी नाहीत. १९९५ मध्ये दक्षिण लंडनमधल्या आशियाई लोकांवर स्ट्रॅचन आणि मंडळींचा एक पेपर आला, त्यात रोज मांस-मासे खाणाऱ्यांच्या तुलनेत दूधदुभतं खाणाऱ्या शाकाहारींना टीबीचा धोका साडेआठपट दिसला. आता साडेआठपट ऐकून लगेच मटणाच्या दुकानात पळू नका, अभ्यास छोटा होता, त्या आकड्याची शक्यतेची रेंज दीडपटीपासून पंचेचाळीस पटीपर्यंत होती, आणि शाकाहारात डीशिवाय बी १२ आणि लोहही कमी पडू शकतं. पण लोकांचं लक्ष वेधलं गेलं एवढं खरं.

आणि मग २००० साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये तो पेपर आला जो मी एमएस्सीला असताना आमच्या सरांनी वाचायला लावला होता आणि तेव्हापासून डोक्यात बसलाय. रॉबर्ट विल्किन्सन आणि सहकारी, ठिकाण पश्चिम लंडन, पेशंट सगळे गुजराती. त्यांनी काय केलं, तर टीबी झालेले एका बाजूला आणि ज्यांच्या शरीराची जंतूशी ओळख झालेली आहे पण आजार नाही असे त्यांच्या संपर्कातले लोक दुसऱ्या बाजूला. हे फार हुशारीचं होतं, कारण तुलना जंतू भेटलेल्यांची जंतू भेटलेल्यांशीच. मग दोन्हीकडे डी मोजलं आणि व्हीडीआर नावाच्या जीनचे प्रकार बघितले.

व्हीडीआर म्हणजे डीचा रिसेप्टर. डी रक्तात कितीही असलं तरी पेशीच्या आत त्याला पकडणारं हे प्रोटीन नसेल तर त्याचा उपयोग शून्य. हा जीन बाराव्या क्रोमोसोमवर आहे आणि त्याच्यात माणसामाणसांत छोटे छोटे फरक असतात. पूर्वी हे फरक बघायला डीएनए विशिष्ट एन्झाइमने कापून बघायचे, कापलं गेलं की एक प्रकार, नाही गेलं की दुसरा, आणि त्या एन्झाइमचीच नावं त्या फरकांना पडली, टॅक-वन, फॉक-वन, बीएसएम-वन. टॅक-वनने कापला जातो तो छोटा टी, जात नाही तो मोठा टी. आईकडून एक, बाबांकडून एक, म्हणजे दोन मोठे, एक-एक, किंवा दोन छोटे अशा तीन जाती. आम्ही कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये असलं जेल (जेलीसारखा थर, त्यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) चालवलंय, युव्हीच्या डब्यात बघायचं, केशरी पट्ट्या, न कापलेली एक वर अडकलेली, कापलेल्या दोन खाली सरकलेल्या, मिश्र असेल तर तिन्ही. आणि पट्टी फिकट आली की मॅडमना विचारायचं हे कापलंय की नाही. पुढे "आनुवंशिक कल" वगैरे भारी शब्दांत जे छापून येतं ते मुळात असल्या पट्ट्या असतात.

तर निकाल. डी कमी असलेल्यांत टीबीची शक्यता जवळजवळ तिप्पट. आणि ज्यांच्या रक्तात डी मोजण्याइतकंही सापडलं नाही त्यांच्यात जवळजवळ दहापट, पण या दहाची रेंज होती १.३ ते ७६, म्हणजे दिशा कळते, आकडा विसरून जा. जीनचं एकट्याचं फार काही दिसलं नाही, पण मोठा टी असलेल्यांत डीही कमी असेल तर दोन्ही मिळून धोका दिसला, आणि फॉक-वनच्या दोन छोट्या एफवाल्यांचंही काहीतरी दिसलं. मला यातलं हे "दोन्ही मिळून" फार आवडलं होतं. जीन एकटा काही करत नाही, त्याला तसं अन्न, तसं ऊन, तसं गाव मिळायला लागतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९९ मध्ये, आफ्रिकेतल्या गाम्बियात बेलामी आणि मंडळींना टीबीच्या पेशंटमध्ये दोन छोटे टीवाले कमी सापडले होते, म्हणजे छोटा टी राखतो असं. दोन वेगळे खंड, दोन वेगळे लोक, आणि बोट एकाच दिशेला. वाटणारच ना की मिळालं.

त्यात २००६ मध्ये तर कडीच झाली. लॉस एंजलिसमधल्या एका ग्रुपने सायन्स नावाच्या जर्नलमध्ये दाखवलं की हे नेमकं कसं होत असेल. आपल्या फुप्फुसात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात ज्या जंतू गिळतात, आणि टीबीच्या जंतूची खोडी ही की तो गिळला जाऊनही आत मजेत राहतो. तर या पेशीला टीबीच्या जंतूची चाहूल लागली की ती दोन गोष्टी वाढवते, एक व्हीडीआर आणि दुसरं डीला कामाच्या रूपात बदलणारं एन्झाइम. म्हणजे किडनीवर अवलंबून न राहता ती पेशी स्वतःपुरतं डी स्वतःच तयार करते, आणि त्याच्या जोरावर कॅथेलिसिडिन नावाचं जंतू मारणारं छोटं प्रोटीन बनवते. पण कच्चा माल रक्तातून यायला हवा. आफ्रिकन-अमेरिकन लोकांचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी), ज्याच्यात डी कमी होतं, ते वापरलं तर कॅथेलिसिडिन कमी बनलं, आणि त्याच सीरममध्ये वरून डी घातलं तर बनायला लागलं. इतका स्वच्छ प्रयोग क्वचित बघायला मिळतो. (आणि हा रस्ता उंदरांत असा नसतोच, त्यामुळे नुसते उंदीर बघत बसले असते तर हे कधी सापडलंच नसतं.)

इथपर्यंत गोष्ट कशी सरळ आली बघा. तेल, ऊन, लंडनचे गुजराती, जीन, मॅक्रोफेज. इथेच थांबलं तर मावशीचं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि इंटरनेटवरचे बहुतेक लेख इथेच थांबतात.

पण मग लोकांनी खरंच गोळ्या देऊन बघितल्या. २०११ मध्ये लंडनमध्ये एड्रियन मार्टिनो यांनी टीबीच्या पेशंटना नेहमीच्या औषधांबरोबर डीचे चार मोठे डोस दिले, प्रत्येकी एक लाख युनिट. थुंकीतले जंतू जायला डीवाल्यांना मधला आकडा ३६ दिवस, बाकीच्यांना साडेत्रेचाळीस दिवस. आठवडाभर कमी, ऐकायला छान, पण संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक योगायोगाने आला असं म्हणायला जागा होती. फक्त एक गट सोडून, दोन छोटे टीवाले! त्यांच्यात डीने जंतू झपाट्याने गेले. परत तोच छोटा टी. मी तेव्हा अक्षरशः उडी मारली होती, की बघा, जीन बघून औषध द्यायचे दिवस आले. पण असे पेशंट मुळातच मोजके होते, आणि गटाचे तुकडे करत गेलं की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात काहीतरी चमकतंच. मग २०१५ मध्ये आपल्याकडे वेल्लोरला २४७ पेशंटवर तसेच चार डोस देऊन ट्रायल झाली आणि जंतू जायच्या वेळेत काही फरक पडला नाही. त्याआधी आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्येही पेशंटना डी देऊन मृत्यू कमी झाले नव्हते.

बरं, पेशंटचं सोडा, झाल्यावर डी देऊन काय उपयोग, आधीच द्यायला हवं, असं कुणीही म्हणेल. मावशी तेच म्हणत होती. तर तेही करून झालंय, आणि कसं करून झालंय! मंगोलियाची राजधानी उलानबातर. थंडी इतकी की अंग उघडं टाकायचा प्रश्नच नाही, टीबी भरपूर, आणि शाळेतल्या ९५ टक्क्यांहून जास्त मुलांचं डी २० च्या खाली. गणमा दवासंबू आणि तेच मार्टिनो, यांनी जंतूची लागण न झालेली ६ ते १३ वर्षांची ८८५१ मुलं घेतली. अर्ध्यांना दर आठवड्याला १४ हजार युनिट डी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल, तीन वर्षं. शेवटी डी मिळालेल्या मुलांची पातळी ३१ वर गेली, बाकीची साधारण ११ वरच होती, म्हणजे गोळ्या पोटात गेल्या आणि रक्तात दिसल्या यात शंकाच नाही. आणि टीबीची लागण? डीवाल्यांत ३.६ टक्के, न मिळालेल्यांत ३.३ टक्के. प्रत्यक्ष आजार २१ मुलांना आणि २५ मुलांना. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आलं. नंतर केपटाउनच्या १६८२ शाळकरी मुलांवर तसंच केलं, तिथेही लागण काही कमी झाली नाही.

मला वाटतं या मंडळींना सलाम करायला हवा. ज्या माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षं डीवर घालवली, त्यानेच डी चालत नाही असा निकाल स्वतःच्या नावाने छापला. आपल्याकडे ग्रुपवर एखाद्याचा काढा चालत नाही म्हणून बघा, तीन दिवस बोलणार नाही.

मग आधीचं सगळं खोटं होतं का? तर नाही, आणि इथे गंमत आहे. टीबीच्या पेशंटचं डी कमी असतं हे खरंच आहे. पण टीबी काही एका रात्रीत होत नाही. निदान व्हायच्या कितीतरी आठवडे आधीपासून माणूस थकलेला असतो, भूक गेलेली, संध्याकाळी ताप, घराबाहेर पडत नाही. डी खाली येणारच. आणि निदानानंतर जी औषधं सुरू होतात त्यातलं रिफाम्पिसिन लिव्हरची एन्झाइम्स अशी वाढवतं की डी आणखी लवकर मोडलं जातं. त्यामुळे उपचार चालू असताना काढलेला डीचा रिपोर्ट बघून "बघा म्हणून झाला" म्हणणं म्हणजे पूर आल्यावर आभाळात ढग मोजण्यासारखं आहे. काही अभ्यासांत मात्र आजार व्हायच्या आधीच रक्त घेऊन ठेवलं होतं आणि तिथेही डी कमी असलेल्यांना पुढे टीबी जास्त झालेला दिसला, त्यामुळे पूर्ण उलटंही म्हणता येत नाही. कदाचित डी कमी असणं ही एकंदर परिस्थितीची खूण असेल, अंधारी खोली, कमी खाणं, कोंदट शिफ्टमधलं काम, आणि नुसती खूण दुरुस्त करून परिस्थिती दुरुस्त होत नसेल. मला स्वतःला हेच पटतं.

आणि जीनचं? व्हीडीआरवर नंतर चीनमध्ये, आफ्रिकेत, आपल्याकडे चेन्नईच्या टीबी संशोधन केंद्रात, कितीतरी अभ्यास झाले. कुठे टॅक-वन दिसतो, कुठे नाही, कुठे फॉक-वन दिसतो, तोही जास्त करून चिनी लोकांमध्ये. शे-दोनशे माणसांवर केलेल्या अभ्यासांचं असं होतंच. शिवाय टॅक-वनचा फरक असा आहे की त्याने प्रोटीन मुळी बदलतच नाही, कदाचित तो शेजारच्या कुठल्यातरी खऱ्या फरकाचा नुसता सोबती असेल. फॉक-वनने निदान प्रोटीनची लांबी बदलते, ४२७ च्या जागी ४२४ अमिनो आम्लं, आणि आखूड असलेलं थोडं जास्त चपळ असतं. पण तेवढंच, थोडं. याच्या उलट एकच जीन बिघडला आणि माणूस या जातीच्या जंतूंपुढे उघडा पडला असंही होतं, माल्टामधल्या एकाच गावातल्या चार मुलांमध्ये १९९६ ला इंटरफेरॉन गॅमाच्या (पेशींना जंतूशी लढायला उठवणारा निरोप) रिसेप्टरचा असा बिघाड सापडला, आणि त्यांना टीबीच्या जंतूचे एरवी निरुपद्रवी असलेले भाऊबंदसुद्धा झेपेनात. पण असली घराणी अगदी दुर्मिळ. आपल्यासारख्यांचं म्हणजे खूप जीन्सचा प्रत्येकी चिमूटभर वाटा.

हे लिहायचं कारण की त्या मावसभावाच्याच ऑफिसमधल्या एकाने त्याला त्याचा डीएनए रिपोर्ट दाखवला, थुंकी पाठवून करतात तसला, त्यात व्हीडीआरच्या शेजारी "इन्फेक्शनची शक्यता जास्त" असं लाल चौकटीत आणि खाली त्याच कंपनीची डीची बाटली. तर तसलं काही करायच्या भानगडीत पडू नका. टॅक-वन बघून तुम्हाला टीबी होणार की नाही हे कुणीही सांगू शकत नाही, एन्झाइम कापतं की नाही एवढंच त्यातून कळतं.

मग कशाने फरक पडतो? झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांनी केलेली रेशन्स नावाची ट्रायल आहे, २०२३ मध्ये आली. टीबीच्या पेशंटच्या घरच्या दहा हजारांवर माणसांना घेऊन, अर्ध्या भागात घरातल्या प्रत्येकाला महिन्याला तांदूळ आणि डाळ, मोठ्या माणसाला पाच किलो आणि दीड किलो, शिवाय व्हिटॅमिनची गोळी. बाकीच्या भागात फक्त पेशंटला शिधा. घरच्यांमध्ये नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. थुंकीत वगैरे जंतू सापडून पक्का झालेला टीबी ४८ टक्क्यांनी. कुठल्याही एका जीनने किंवा एका व्हिटॅमिनने आजवर हे केलेलं नाही. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार महिन्याला देतं ते निक्षय पोषणचे पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले ते बरंच झालं, फक्त ते वेळेवर खात्यात यायला हवेत. आमच्याकडे सॅम्पल घेऊन येणाऱ्या आशाताईंना विचारा, त्या जे सांगतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी, कारण मला माहितीये की हे वाचून लोक मला हेच विचारणार. एक, ते "सकाळचं कोवळं ऊन" प्रकरण. सात-साडेसातला सूर्य तिरपा असतो आणि त्या वेळी डी बनवणारे किरण वातावरणातच शोषले जातात, त्यामुळे बाळाला न्हाऊ घालून कोवळ्या उन्हात धरलं तर बाळाला बरं वाटेल, आजीला त्याहून बरं वाटेल, डी मात्र नावापुरतंच. ते बनतं दहा-साडेदहा ते तीनच्या आसपास, जेव्हा आपण सगळे सनकोट, स्कार्फ आणि हातमोजे घालून टू-व्हीलरवर असतो. काचेतून आलेल्या उन्हाचाही काही उपयोग नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. टीबीचे उपचार चालू असतील तर डीचे डोस मनाने वाढवायचे नाहीत. मगाशी सांगितलं ना की मॅक्रोफेज स्वतःच डीला कामाच्या रूपात बदलतात, तर टीबीच्या गाठींमध्ये अशा पेशी खच्चून भरलेल्या असतात आणि त्यांच्यावर किडनीसारखा लगाम नसतो. वरून भरपूर डी ओतलं की काही पेशंटमध्ये रक्तातलं कॅल्शियम चढतं, मग उलट्या, बद्धकोष्ठता, खूप तहान, सुस्ती, आणि घरचे समजतात टीबीची औषधं सोसत नाहीयेत. मावसभावाला डॉक्टरांनी हाडांसाठी म्हणून डी दिलंय, आठवड्याला एक, आठ आठवडे. मावशी त्याच्या जोडीला मेडिकलमधून दुधात घालायची डीची सॅशे वेगळी आणत होती, कुणीतरी सांगितलं म्हणून. ती बंद करायला लावली आणि पुढच्या रक्ततपासणीत कॅल्शियम लिहून घ्या असं त्याला सांगितलंय.